मराठी बोलल्याचा एक रुपया

दिवाळीच्या फराळाला कोणाकडे जावे, तर पूर्वी घरातली वडील माणसे मुलाला जवळ बोलावून विचारीत, "काय रे, सतराचा पाढा येतो का?" मूल अडखळे, सगळे हसत, आणि त्याच्या हातावर एक करंजी अधिक पडे. अलीकडे पाढ्यांचा मान गेला. आता मुलाला बैठकीच्या मध्यभागी उभे करतात आणि म्हणतात, "मावशीला इंग्लिशमधून बोलून दाखव बघू!" मूल चकलीचा तुकडा गालात ठेवून एक इंग्रजी बालगीत घडाघडा म्हणते, आईच्या डोळ्यांत पाणी उभे राहते, आणि आजोबा शेजारच्यांकडे अशा नजरेने पाहतात की जणू नातवाने विलायतेहून पदवीच आणली. त्या गीताचा अर्थ मात्र कोणी विचारीत नाही. अर्थ विचारला आणि मुलाने उलट आपल्यालाच विचारला, तर काय करा, ही धास्ती मोठ्यांच्या पोटात अधिक असते.

सणासुदीच्या दिवशी कोणाच्या कौतुकावर विरजण घालू नये, इतके मलाही समजते. पण हे कौतुक ज्या समजुतीवर उभे आहे, ती खोटी आहे, आणि तिची किंमत मुले मोजीत आहेत. ती किंमत मुलांकडून वसूल करण्याचे काम मी स्वतः काही वर्षे केले आहे. म्हणून लिहिते.

आधी माझी योग्यता सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाला ती काढण्याचे श्रम पडू नयेत. मी मॅट्रिक आहे. आमच्या वेळी त्याला दहावी म्हणू लागले होते, पण वडील शेवटपर्यंत 'मॅट्रिक'च म्हणत, आणि तोच शब्द माझ्या तोंडी बसला. पुढे लग्न झाले, शिक्षण राहिले. दोन कादंबऱ्या लिहिल्या, त्या शेजारणींनी मागून नेऊन वाचल्या. आमच्या तालुक्याच्या गावी एक विनाअनुदानित इंग्रजी शाळा निघाली. तिच्या बालवर्गाला कमी पगारात बाई हवी होती. बालवर्गाच्या बाईला पदवी कोण विचारतो? मी लागले, आणि वर्षभरात एक शिक्षिका सोडून गेल्यावर पहिलीचा वर्गही माझ्याच गळ्यात पडला.

त्या शाळेचा एक नियम होता. शाळेच्या आवारात मराठी शब्द उच्चारला की एक रुपया दंड. मला 'बाई' म्हटले तरी दंड, 'टीचर' म्हणायचे. वर्गात पत्र्याची एक पेटी होती आणि तिची किल्ली माझ्या कमरेला असे. महिनाअखेर पेटी उघडून नाणी मोजावयाची आणि ऑफिसात भरावयाची. मी ती इमानाने भरीत असे. माझे स्वतःचे इंग्रजी तेव्हा चार वाक्यांचे होते, त्यामुळे मी वर्गात फार बोलतच नसे. मुलेही बोलत नसत. वर्ग शांत असे. आमच्या वर्गाची शिस्त म्हणून वरिष्ठांनी एकदा माझे कौतुकही केले.

त्या वर्गात एक सहा वर्षांचा मुलगा होता. बाप टेम्पो चालवीत असे. आई आमच्याच आळीत भाजी विकायला बसे. एके सकाळी तो माझ्या टेबलाशी आला आणि हळूच म्हणाला, "बाई, कान दुखतोय." मी त्याच्याकडे पाहिले, ओठांवर बोट ठेवले आणि पेटीकडे खूण केली. त्याच्याकडे रुपया नव्हता. मी वहीत त्याच्या नावापुढे लिहून ठेवले. दुसऱ्या दिवशी त्याने रुपया आणून पेटीत टाकला आणि जागेवर जाऊन बसला. त्या दिवशी तो काही बोलला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मधल्या सुट्टीत एका मुलीने मला त्याच्या शर्टाची कॉलर दाखवली. कान फुटला होता. पू मानेवरून खाली आला होता, आणि तो मुलगा पाटीवर इंग्रजी अक्षरे गिरवीत बसला होता.

डॉक्टरांनी औषध दिले, कान बरा झाला. त्याची आई मला भेटायला आली, तीही तक्रार घेऊन नव्हे. ती मलाच म्हणाली, "पोरगं वेंधळं आहे बाई, सांगायला नको का त्यानं?" मी तिला खरे सांगितले नाही. त्याने सांगितले होते, आणि सांगितल्याबद्दल मी त्याच्याकडून एक रुपया घेतला होता, हे आज पहिल्यांदाच लिहिते आहे.

त्यानंतर मी एक प्रश्न विचारावयास सुरुवात केली. आमच्या शाळेत तो विचारण्याची पद्धत नव्हती. हा नियम कोणी शोधून काढला? मुलाला त्याची भाषा बंद केली की दुसरी भाषा लवकर येते, असे कोणी तपासून पाहिले आहे काय? गावातल्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवणारे एक वृद्ध स्नेही होते. त्यांनी मला पुस्तके दिली. मी ती शब्दकोश घेऊन, एकेका पानाला एकेक संध्याकाळ देऊन वाचली. आणि वाचता वाचता मला जे समजले त्याने माझी झोप उडाली. कारण तपासून पाहणाऱ्यांनी केव्हाच तपासून पाहिले होते. उत्तरे माझ्या जन्माच्या आधीपासून छापून पडली होती. फक्त ती आमच्या शाळेच्या फाटकाच्या आत आली नव्हती.

ही गोष्ट आपल्या देशापासूनच सुरू होते. मायकेल वेस्ट नावाचे एक इंग्रज शिक्षणाधिकारी ब्रिटिश अमदानीत ढाक्याच्या अध्यापक महाविद्यालयाचे प्राचार्य होते. १९२६ साली त्यांनी बंगालमधील द्वैभाषिकतेवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांनी पाहिले की बहुतेक मुले शाळा मध्येच सोडतात. आणि सोडताना त्यांच्या पदरात इंग्रजी म्हणून जे पडते ते कशाच्याही उपयोगी नसते. विम्याचा हप्ता मध्येच थांबवला तर काही तरी रक्कम हाती येते की नाही? तसे मध्येच शाळा सोडणाऱ्याच्या हाती काय येते, असा हिशेब त्यांनी मांडला. त्यांचे उत्तर होते: वाचनाची शक्ती द्या. मुलाला समजेल असे लिहा, नवे शब्द थोडे घाला, आणि घातलेला शब्द पुन्हा पुन्हा येऊ द्या. त्या तत्त्वावर त्यांनी वाचनमाला रचल्या, आणि पुढे १९५३ साली सुमारे दोन हजार नित्योपयोगी इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. आमच्या पहिलीच्या पुस्तकात एका पानावर पंधरा नवे शब्द होते, आणि त्यांतले बारा पुन्हा कधी भेटत नसत. शंभर वर्षांपूर्वी, आपल्याच उपखंडात, एक सरकारी अधिकारी जे सांगून गेला ते आम्हांला ठाऊक नव्हते.

मग आमचा तो रुपयाचा नियम आला कोठून? त्याचाही माग लागतो. १९६१ च्या जानेवारीत युगांडातील मकेरेरे येथे राष्ट्रकुल देशांची इंग्रजीच्या अध्यापनासंबंधी परिषद भरली होती. वसाहती स्वतंत्र होत होत्या आणि तेथे इंग्रजी कसे शिकवावे हा प्रश्न होता. रॉबर्ट फिलिप्सन या अभ्यासकाने १९९२ साली आपल्या ग्रंथात त्या परिषदेच्या अहवालातून पाच श्रद्धा वेचून काढल्या. इंग्रजी फक्त इंग्रजीतूनच शिकवावे. आदर्श शिक्षक तो ज्याची ती मायबोली. जितके लवकर तितके चांगले. जितके जास्त तितके चांगले. आणि दुसऱ्या भाषा फार वापरल्या तर इंग्रजीचा दर्जा घसरतो. फिलिप्सनने या पाचांना पाच भ्रम म्हटले आहे. मी ती यादी वाचली आणि मला आमच्या शाळेचे माहितीपत्रकच वाचल्यासारखे वाटले. आमच्या संस्थाचालकांनी मकेरेरेचे नावही ऐकले नसेल. पण अफवेला जन्मदाखला लागत नाही. ती कानोकानी पोचते.

आता या श्रद्धांचे एकेक करून काय झाले ते पाहू.

'जितके लवकर तितके चांगले.' ही आपल्या पालकांची सर्वांत लाडकी. अडीच वर्षांचे मूल दप्तर घेऊन रिक्षात बसते ते हिच्यामुळे. मौज अशी की, खुद्द इंग्रजांनी ही श्रद्धा आपल्या मुलांवर तपासून पाहिली. १९६४ पासून इंग्लंडमधील काही शाळांत आठ वर्षांच्या मुलांना फ्रेंच शिकवण्याचा मोठा प्रयोग झाला. दहा वर्षे त्या मुलांचा पाठपुरावा झाला आणि १९७४ साली क्लेअर बर्स्टॉल यांनी अहवाल दिला. आठव्या वर्षी सुरू केलेली मुले आणि अकराव्या वर्षी सुरू केलेली मुले सोळाव्या वर्षी शेजारी बसवली, तेव्हा ऐकून समजण्याखेरीज आधी सुरू करणाऱ्यांचे पारडे कशातही जड ठरले नाही. पुढे स्पेनमध्ये शाळेतले इंग्रजी अकराऐवजी आठव्या वर्षी सुरू करण्याचा कायदा झाला, तेव्हा बार्सिलोनाच्या विद्यापीठात कार्मेन मुन्योझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही गटांची तुलना केली. शिकण्याचे तास सारखे धरले, तर उशिरा सुरू करणारी मुलेच पुढे होती. त्यांचे निष्कर्ष २००६ साली ग्रंथरूपाने आले.

याचा अर्थ लहान मुलाचे कान तयार नसतात असे नव्हे. मूल परदेशी जाऊन राहिले, अंगणात, दुकानात, खेळात सगळीकडे तीच भाषा असली, तर ते आईबापांच्या पुढे निघून जाते, उच्चारही अस्सल घेते. हे खरेच आहे. पण आठवड्याला चार-सहा तास, चाळीस-पन्नास मुलांचा वर्ग, आणि बाईंचे इंग्रजी चार वाक्यांचे, अशा ठिकाणी तो नियम लागत नाही. तेथे दहा-अकरा वर्षांचे मूल सहा वर्षांच्या मुलापेक्षा लवकर शिकते, कारण त्याला एक भाषा नीट वाचता येत असते आणि विचार करता येत असतो.

माझ्या वडिलांचे उदाहरण देते. त्यांची शाळा जुन्या मुंबई राज्यातली. त्यांना इंग्रजी आठवीला सुरू झाले. तोवर मराठी पक्के झालेले. त्यांनी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला समोर ठेवून, मराठी वाक्य डावीकडे आणि इंग्रजी उजवीकडे लिहून, ती भाषा कमावली. आणि पुढे चाळीस वर्षे सहकारी संस्थेचा इंग्रजी पत्रव्यवहार एकहाती सांभाळला. त्यांचे उच्चार आमच्या शाळेने नापास केले असते. परंतु त्यांच्या पत्रातली चूक मला कोणी दाखवून द्यावी. उलट महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी आहे. माझ्याकडे सहावी-सातवीतून येणारी मुले पहिलीपासून इंग्रजी 'घेतलेली' असतात, आणि अनोळखी इंग्रजी परिच्छेदाच्या चार ओळी समजून वाचणे त्यांतल्या फारच थोड्यांना जमते.

'जितके जास्त तितके चांगले.' म्हणजे माध्यमच इंग्रजी करा. गणित इंग्रजीत, भूगोल इंग्रजीत, प्रार्थना इंग्रजीत. यावरचा सर्वांत बोलका प्रयोग नायजेरियात झाला. १९७० साली बाब्स फाफुन्वा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इफे येथे सुरुवात केली. नेहमीच्या शाळांत तीन वर्षांनंतर माध्यम इंग्रजी होत असे. प्रयोगातील मुलांना सहाही वर्षे सर्व विषय योरुबा या त्यांच्या मायबोलीतून शिकवले, आणि इंग्रजी हा एक विषय म्हणून, तो नीट शिकवू शकणाऱ्या शिक्षकाकडून. सहा वर्षांनी मोजदाद झाली. प्रयोगातील मुले इतर विषयांत पुढे होतीच. इंग्रजीतही ती मागे पडली नव्हती. आपल्याकडे एखाद्या बापाला हे सांगावे तर तो म्हणतो, "बाई, आमची गंमत करता काय?" जास्त इंग्रजी दिल्याने इंग्रजी वाढत नाही, हे पोटाला पटत नाही. पण समजा, झाडाला वाढवायचे म्हणून त्याची मुळे उपटून ती जागा पाण्याने भरली, तर पाणी जास्तच झाले की नाही?

येथे जाणकार वाचक मला कॅनडाचे नाव घेऊन अडवतील, आणि त्यांचा हक्क आहे. १९६५ साली माँट्रियलजवळच्या सेंट लॅम्बर्टमध्ये इंग्रजी घरांतील मुलांना बालवर्गापासून फ्रेंचमधून शिकवले, आणि तो प्रयोग यशस्वी झाला. मग आमचे काय चुकले? चुकले ते इतके. त्या मुलांची घरची भाषा इंग्रजी. तिला समाजात तोटा नव्हता, पुस्तकांचा दुष्काळ नव्हता, आणि पुढे शाळेतही ती शिकवली जात होती. पालकांनी तो प्रयोग स्वतः मागून घेतला होता. आणि सर्वांत महत्त्वाचे, शिक्षकांना दोन्ही भाषा येत होत्या. बालवर्गातले मूल आपल्या भाषेत बोलले तर ते शिक्षकाला समजे आणि त्याला उत्तर मिळे. तेथे कोणाच्या मुलाने कान दुखतो म्हणून सांगितले असते, तर पेटीत नाणे टाकावे लागले नसते. आपण कॅनडाकडून पाटी घेतली आणि शाळा तेथेच ठेवून आलो.

'फक्त इंग्रजीतूनच शिकवावे.' या एका श्रद्धेपायी महाराष्ट्रात किती बायका वर्गात मुक्या झाल्या असतील याचा हिशेब कोणी करील तर बरे. 'हॉर्स' म्हणजे घोडा, हे सांगायला एक क्षण लागतो. तो क्षण वाचवण्यासाठी मी टेबलावर हात आपटून टापा वाजवल्या आहेत, आणि मुलांनी वहीत 'हॉर्स म्हणजे ढोल' असे लिहून घेतलेले पाहिले आहे. जिम कमिन्स यांनी १९७९ पासून मांडलेला विचार असा की, दोन भाषा डोक्यात दोन वेगळ्या खोल्यांत राहत नाहीत. खाली पाया एकच असतो. एका भाषेत वाचायला शिकलेले, तर्क करायला शिकलेले दुसऱ्या भाषेला उपयोगी पडते. म्हणजे मुलाचे मराठी ही इंग्रजीच्या वाटेतली धोंड नव्हे. त्या मुलाजवळ असलेली ती एकमेव शिडी आहे. आणि आम्ही त्या शिडीच्या पायरीपायरीला एक रुपया जकात बसवली होती.

मग करावे काय? नुसते नाकारणे सोपे असते. तेव्हा दोन प्रयोग सांगते; एक आपल्याकडचा, एक बाहेरचा.

आपल्याकडचा प्रयोग बंगळूरचा म्हणून प्रसिद्ध आहे. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी दक्षिणेतील काही साध्या शाळांत व्याकरणाचे पाठ बाजूला ठेवले आणि मुलांपुढे कोडी ठेवली. आगगाडीचे वेळापत्रक द्यायचे आणि विचारायचे, अमुक वेळी पोचायचे तर कोणती गाडी धरावी? नकाशा द्यायचा आणि वाट काढायला लावायची. मुलांचे लक्ष उत्तराकडे. भाषा त्या ओघात मनात उतरते. मूल आपल्या मायबोलीत पुटपुटले म्हणून आकाश कोसळत नसे. सगळे जग त्या प्रयोगाचा अभ्यास करते. आमच्या गावात कोणी प्रभूंचे नाव घेतलेले मी ऐकले नाही. याच प्रभूंनी १९९० साली एक लेख लिहून सांगितले की सर्वोत्तम अशी एकच पद्धत नसते. शिक्षकाला स्वतःला जी पटते, जिच्यात तो जीव ओततो, ती त्याच्या हातात जिवंत असते. 'तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी' विकणाऱ्यांनी हा लेख वाचू नये, धंदा बसेल.

दुसरा प्रयोग फिजी बेटांतला. १९८० च्या सुमारास वॉरविक एली आणि फ्रान्सिस मंगुभाई यांनी खेड्यांतील शाळांच्या चौथी-पाचवीच्या वर्गांत अडीचशे-अडीचशे इंग्रजी गोष्टींची पुस्तके नेऊन ठेवली. सोपी, चित्रांची, मुलांना आवडतील अशी. रोज थोडा वेळ वाचन. काही वर्गांत शिक्षकांबरोबर, काहींत नुसते आपले आपण. शेजारच्या शाळांत जुनेच चालू होते: एक वाक्य, त्याची घोकंपट्टी, मग दुसरे वाक्य. पहिल्याच वर्षी वाचणारी मुले समज आणि वाचन यांत कितीतरी पुढे गेली. दुसऱ्या वर्षाअखेर ती लिहिण्यातही पुढे होती, आणि ज्याची घोकंपट्टी त्यांनी केली नव्हती त्या व्याकरणातही. वेस्ट यांनी ढाक्यात जे सांगितले होते, ते अर्ध्या शतकानंतर प्रशांत महासागरातल्या बेटांवर खरे ठरले. एनसीईआरटीच्या २००६ सालच्या टिपणातही मुलाभोवती समजेल अशा भाषेचे भरघोस वातावरण असावे असेच म्हटले आहे. आणि २०२० च्या राष्ट्रीय धोरणात शक्य तेथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे असे लिहिलेले आहे. लिहिलेले सगळे आहे. फक्त कोणी वाचत नाही.

आता एका बाजूची कानउघाडणी झाली; दुसऱ्या बाजूला मोकळे सोडणे न्यायाचे नाही. 'इंग्रजी हवेच कशाला?' असे सभेत गर्जून घरी नातवाला इंग्रजी शाळेच्या बसमध्ये बसवणारे मराठीचे अभिमानी मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यांनी टेम्पोवाल्याला उपदेश करू नये. त्या बापाला इंग्रजी हवे आहे ते ऐट मिरवण्यासाठी नव्हे. कोर्टाचा कागद, औषधाची चिठ्ठी, नोकरीचा अर्ज यांपाशी तो आयुष्यभर अडला आहे, आणि आपले मूल तेथे अडू नये असे त्याला वाटते. जोतीराव आणि सावित्रीबाई यांच्या काळापासून दाबल्या गेलेल्या माणसांनी इंग्रजी विद्येकडे सुटकेची वाट म्हणून पाहिले आहे, आणि त्यांचे पाहणे चूक नव्हते. त्या बापाची मागणी शंभर टक्के बरोबर आहे. त्याला विकला जाणारा माल मात्र बनावट आहे. तो अर्धा पगार फीमध्ये भरतो आणि त्याच्या मुलाला धड इंग्रजी येत नाही, धड मराठी येत नाही, आणि गणित दोहोंच्या मधल्या फटीत पडते. श्रीमंताच्या मुलाला घरी पुस्तके असतात, शिकलेली आई असते, शिकवणी असते. शाळा चुकली तरी घर सावरून घेते. टेम्पोवाल्याच्या मुलाला सावरून घेणारी फक्त एक वस्तू असते, ती त्याची भाषा. तीच आपण फाटकाशी काढून ठेवायला लावतो.

ती शाळा मी सोडली. आता दुसऱ्या एका लहान मराठी शाळेत आहे. माझ्या वर्गात एका लाकडी खोक्यात साठ-सत्तर पातळ इंग्रजी गोष्टींची पुस्तके आहेत. काही रद्दीतून आणलेली, काही माझ्या कादंबरीच्या मानधनातून. रोज वीस मिनिटे मुले ती वाचतात आणि मग गोष्ट एकमेकांना मराठीत सांगतात. भांडतात, "नाही, तो कोल्हा खोटं बोलला, इथं बघ काय लिहिलंय!" आणि ते 'इथं' इंग्रजीत असते. हे संशोधन नव्हे. मी मोजमाप ठेवलेले नाही, आणि माझे उच्चारही अजून वडिलांच्याच वळणाचे आहेत. पण या वर्गात आवाज असतो. एखाद्याचा कान दुखला, तर तो मला सांगतो.

तेव्हा पालकहो, माझी एवढीच विनंती आहे. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडेल तेव्हा, किंवा नव्या शाळेत नाव घालायला जाल तेव्हा, 'इंग्रजी कितवीपासून?' हे विचारू नका. 'माझे मूल मराठीत बोलले तर तुम्ही काय करता?' हे विचारा. उत्तर देताना समोरचा मनुष्य दंडाचा, शिक्षेचा, नियमाचा शब्द काढील, तर उठून या. त्याला भाषा कशी शिकतात हे ठाऊक नाही. आणि दुसरे विचारा, 'मुलांना घरी न्यायला गोष्टींची पुस्तके आहेत का?' कपाट दाखवले तर कुलूप पाहा; कुलपावर गंज असेल तर तेही उत्तरच समजा.

आणि उद्या भाऊबीजेला भाचा इंग्रजी गीत म्हणून दाखवील, तेव्हा त्याचे कौतुक अवश्य करा. त्याने ते कष्टाने पाठ केले आहे. मग त्याला मांडीवर घ्या, आणि ते गीत कशाबद्दल आहे ते मराठीत सांगायला सांगा. त्याला येत नसेल तर दोघे मिळून शब्दकोश उघडा. फराळ थोडा गार होईल, इतकेच.